शाळूच्या घरातलं वर्ष: काय कधी वाळवायचं, कसं साठवायचं, काय रांधायचं

प्रश्न असा आला आहे: बार्शी-धाराशिव पट्ट्यात पाच माणसांचं घर, शेती कोरडवाहू. खरिपात तूर आणि सोयाबीन, रब्बीत हरभरा, थोडी करडई आणि एक-दीड एकर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. गेल्या वर्षी प्रथमच सगळं घरचं साठवलं. श्रावण येईतो ज्वारीत सोंडे झाले, अख्ख्या तुरीला भोकं पडली, जी डाळ केली ती शिजेना, कुरडया तळणीत फुलेनात आणि भाकरी थापताना फाटायला लागली. यंदा काय करायचं आणि कोणत्या महिन्यात?

या पाच तक्रारींतल्या दोघींचं, ज्वारीच्या आणि कुरडईच्या, मूळ बरंचसं धान्यात किंवा वाळवणात राहिलेली ओल आहे. तुरीची कीड शेतातूनच येते. डाळीचा दोष निम्मा पाण्याचा आणि भाकरीचा दोष पिठाच्या वयाचा. म्हणून पावसाळ्यात औषधं शोधण्यापेक्षा माघ ते ज्येष्ठ या पाच महिन्यांतलं काम नीट लावा. शेतघराचं स्वयंपाकाचं वर्ष खळ्यावर सुरू होतं, तिथूनच सांगतो.

आधी किती ठेवायचं ते ठरवा. एका मध्यम भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ लागतं. पाच माणसांत, मुलं धरून, दिवसाला १२ भाकरी म्हणजे १ किलो २०० ग्रॅम, वर्षाचे ४४० किलो. पाहुणा-रावळा, चाळताना जाणारी नास धरून ५ क्विंटल ज्वारी बाजूला काढा. तुरीची डाळ रोज १५० ग्रॅम धरली तर वर्षाला ५५ किलो, म्हणजे अख्खी तूर ८० ते ८५ किलो. हरभरा ४० किलो पुरतो: निम्म्याची डाळ, बाकी बेसन आणि उसळीला. सोयाबीन सगळं विकायचं, ते आपल्या रोजच्या ताटातलं धान्य नव्हे. जास्त ठेवलं की ते दुसऱ्या पावसाळ्यात जातं, आणि जुन्या धान्यातली कीड नव्यात शिरते. नवं धान्य कोठीत टाकण्याआधी जुनं संपवा किंवा जनावरांना घाला, कोठी झाडून, फटी-सांधे पुसून दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा. बहुतेक घरांत हे एकच काम राहून जातं आणि किड्यांचं बी कोठीच्या सांध्यात तसंच राहतं.

ज्वारी कधी काढायची याची खूण दाण्यावर असते. कणसाच्या मधला दाणा काढा आणि जिथे तो बोंडाला चिकटलेला होता ते टोक पाहा. तिथे काळा ठिपका आला की दाण्यात आणखी काही भरायचं उरलेलं नाही. पण त्या वेळी दाण्यात पाणी बरंच असतं, म्हणून ताटं उपटून कडपं तीन-चार दिवस रानात वाळू द्यायची, मग कणसं मोडायची. अवकाळीचं आभाळ असेल तर कणसं आधी मोडून ताडपत्रीखाली आणा, कडबा भिजला तरी चालेल. भिजलेल्या कणसांचा ढीग मात्र एक रात्रही ठेवू नका, आतून तापतो आणि दाणा काळवंडतो. पातळ पसरा, दिवसातून तीन वेळा हलवा.

मळणी झाल्यावर ज्वारीला तीन उन्हं द्या. थर दोन बोटांपेक्षा जाड नको, दर दोन तासांनी पायाने किंवा फावड्याने सरी पाडून उलटा. खाली ताडपत्री हवी, नुसती जमीन असेल तर रात्री धान्य पुन्हा ओल ओढतं. संध्याकाळी गोळा करून झाका. साठवणीला दाण्यात १० ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नसावी. घरी मोजायचं कसं? दाताखाली दाणा कट्ट वाजून दोन तुकडे झाला तर ठीक, दाबला गेला तर ओला. दुसरी परीक्षा मिठाची: स्वच्छ कोरडी काचेची बाटली घ्या, तिचा एक तृतीयांश भाग ज्वारीने भरा, तव्यावर भाजून गार केलेलं कोरडं मीठ दोन-तीन चमचे टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटून बसलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अशी ज्वारी भरायचीच नाही. मीठ खाली सुटं पडलं तरी आणखी एक ऊन द्याच, कारण ही परीक्षा १२ आणि १४ टक्क्यांतला फरक दाखवत नाही.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. दुपारी चारला तापलेली ज्वारी गोळा करून तशीच कोठीत भरतात. गरम धान्य बंद पत्र्यात रात्री घामेजतं, झाकणाखाली आणि कडेला पाणी धरतं, तिथून बुरशी आणि सोंडे सुरू होतात. संध्याकाळी गोळा केलेली ज्वारी रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या, सकाळी भरा.

कोठी भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर. काठोकाठ भरा, वर मोकळी जागा जितकी कमी तितका किड्यांना वाव कमी. एक मोठी कोठी बंद ठेवायची आणि महिन्याला लागेल तेवढी, म्हणजे ४० किलो, एका डब्यात काढून घ्यायची. रोज मोठं झाकण उघडणाऱ्या घरात भाद्रपदात कीड दिसतेच. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून घाला. ओला पाला घातला तर औषधापेक्षा ओलच जास्त घातली जाते. बिब्बे घालायची जुनी रीत आहे, पण त्यांचं तेल हाताला लागलं तर फोड येतात. लहान मुलांच्या घरात ते नकोत. अलीकडे मिळणाऱ्या हवाबंद जाड प्लास्टिकच्या पिशव्या चांगलं काम देतात. तोंड घट्ट पिळून बांधलं की आतले किडे आतला प्राणवायू संपवून स्वतःच मरतात. मात्र धान्य खरोखर कोरडं असेल तरच, आणि उंदरांनी पिशवी कुरतडली की सगळं मुसळ केरात. सोलापूरकडच्या जुन्या पेवांचं तत्त्वही हेच होतं: जमिनीखाली, हवा न खेळता. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आतली हवा माणसालाही मारते.

धुरीच्या गोळ्या घरातल्या कोठीत कधीही, कितीही कमी, टाकू नका. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांना मारतो, आणि एकाच छपराखाली धान्य व बिछाना असणाऱ्या घरांत असे मृत्यू झालेले आहेत. बोरिक पावडरही खायच्या धान्याला चोळू नका. ती धुऊन पूर्ण निघते असं समजतात, पण ज्वारी आपण धूत नाही, थेट दळतो.

तुरीचा प्रकार वेगळा आहे. तिच्यातला भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच येतो. वाळत आलेल्या शेंगांवर त्याची मादी अंडी घालते. दाण्यावर खसखशीपेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी समजा. अळी दाण्याच्या आत वाढते आणि गोल भोक पाडून बाहेर येते. त्यामुळे आज स्वच्छ दिसणारी तूर दोन महिन्यांत भोकाळते. पण या भुंग्याला अख्खा दाणा लागतो, फुटलेल्या डाळीवर त्याचं फारसं काही चालत नाही. म्हणून उपाय सोपा आहे: तूर फार दिवस अख्खी ठेवूच नका, माघ-फाल्गुनात डाळ करून टाका.

घरच्या डाळीची रीत अशी. तूर निवडून एक ऊन द्या. संध्याकाळी पाण्यात भिजत घाला, ६ ते ८ तास पुरे. सकाळी उपसून टोपलीत निथळवा आणि ओल्या गोणपाटाखाली ढीग करून रात्रभर ठेवा. कोंब डोकावायच्या आत पातळ पसरून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. काही घरी निथळलेल्या तुरीला गाळलेल्या लाल मातीचं पाणी चोळतात, त्याने साल लवकर सुटते. पण माती स्वच्छ जागची हवी आणि वाळल्यावर ती पाखडून पूर्ण काढायची. दाणा खडखडीत झाला, साल सुरकुतली की जात्यावर भरडायची. जात्याच्या पाळ्यांतलं अंतर दाण्याच्या जाडीइतकं ठेवा. कमी ठेवलं तर चुनी, म्हणजे डाळीचा बारीक चुरा, जास्त पडते, जास्त ठेवलं तर निम्मी तूर अख्खीच बाहेर येते. पहिल्या भरडणीत सगळी फुटत नाही. चाळून अख्खे दाणे वेगळे काढा, पाण्याचा हात लावून पुन्हा वाळवा, पुन्हा भरडा. १०० किलोतून घरच्या जात्यावर ६५ ते ७० किलो डाळ धरा. चुनी आणि साल गायी-म्हशींना. गिरणीतून करून आणायची असेल तरी हरकत नाही, तिथे तेलपाणी लावून करतात आणि ती डाळ घरच्यापेक्षा लवकर शिजते. चवीला मात्र भिजवलेली घरची डाळ सरस, हे मत बदलायला मला कारण दिसत नाही.

डाळीला आणि अख्ख्या हरभऱ्याला किलोमागे एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर एरंडेल चोळून मग भरा. अंडी दाण्याला धरत नाहीत. वापरताना गरम पाण्याने धुवा.

आता न शिजणारी डाळ. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोलवरून येतं, त्यात चुना जास्त असतो. तोच चुना डाळीच्या दाण्याला घट्ट करतो. किटलीच्या किंवा पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरत असेल तर कारण हेच. शिजवायचं पाणी आदल्या रात्री दहा मिनिटं खळखळ उकळून ठेवा, सकाळी वरचं निवळ घ्या. पावसाचं गाळून भरलेलं पाणी मिळालं तर फारच उत्तम. डाळ तासभर कोमट पाण्यात भिजू द्या. चिंच, टोमॅटो, आमसूल काहीही आंबट डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच. सोड्याची चिमूट घातली की डाळ शिजते खरी, पण चव आणि जीवनसत्त्व दोन्ही जातात, रोजची सवय लावू नका. डाळ दीड-दोन वर्षांची असेल आणि दमट जागी राहिली असेल तर हे सगळं करूनही ती टणक राहते. तिचं भरड दळून धपाट्यांच्या पिठात घाला.

भाकरी फाटते कारण पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा चिकटपणा, गेलेली असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो आपण गरम पाण्याने आणि मळण्याने आणतो. ताजं पीठ तो देतं, जुनं देत नाही. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांचं, पावसाळ्यात आठवड्याचंच पीठ दळून आणा. पाच माणसांना आठवड्याला साडेआठ किलो पुरे. गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच डब्यात कोंबू नका, परातीत गार करा. बारीक दळा, पण गिरणीवाल्याला दगड फार दाबू देऊ नका, पीठ जळालं की विरी तिथेच जाते. विरी गेलेलंच पीठ हाताशी असेल तर उकड घाला: दोन भाकरींच्या पिठाला पाऊण वाटी पाणी उकळून, त्यात थोडं मीठ घालून निम्मं पीठ टाका, झाकून दोन मिनिटांनी उरलेल्या पिठात मळा. एका वेळी एका भाकरीचंच पीठ घ्या, तळहाताच्या टाचेने चांगलं दोन मिनिटं रगडा, कडा फुटत नाहीत असं दिसलं की थापा. तव्यावर टाकली की पाणी लगेच फिरवायचं, आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं तर वरचा पदर तडकतो आणि भाकरी फुगत नाही.

चैत्र-वैशाखात वाळवणं. इथे सगळ्यात जास्त विचारणा कुरडईची असते, म्हणून ती सविस्तर.

२ किलो गहू, लोकवन चालतो, जुना किडका नको. मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात भिजवा. तांब्या-पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये नको, आंबलेलं पाणी त्या धातूला लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबा, टोकातून पांढरा चीक पिचकन बाहेर आला की तयार. थंडीच्या दिवसांत चौथा दिवस लागतो. पाणी घालून वाटा, सुती कापडातून पिळा, चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळा, असं तीन वेळा. चोथा टाकायचा नाही, त्यात तिखट, मीठ, तीळ, लसूण घालून भुसवड्या घाला. गाळलेला चीक रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर पिवळं पाणी दिसेल, ते अलगद ओता. त्याखाली कधी कधी तपकिरी पातळ साय असते, ती चमच्याने खरवडून काढा. कुरडई तांबूस होते ती बहुधा या सायीमुळे किंवा पिवळं पाणी राहिल्यामुळे.

उरलेला दाट पांढरा चीक ढवळून भांड्याने मोजा. जितका चीक तितकंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळा. लिटरभर चिकाला दोन सपाट चमचे मीठ आणि चिमूटभर हिंग. मीठ कमीच वाटायला हवं, वाळून आकार घटला की ते बरोबर होतं. पाण्याला उकळी आली की आच मंद करा, एकाने चीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने लाकडी चाटूने थांबू न देता ढवळायचं. आधी गुठळ्या होतात, मग सगळं एकत्र येऊन जड होतं. झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ, मध्ये दोनदा ढवळणं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली आणि ओल्या बोटाला चिकटेना की शिजला. मुलांना या वेळी वाटीभर गरम चीक तूप-गूळ किंवा दूध घालून द्यायचा, वर्षातून एकदाच मिळतो तो.

गरम असतानाच सोऱ्यात भरून घाला. सोऱ्याला आतून तेलाचा हात, आणि पातेलं झाकलेलंच ठेवा. गार झालेला चीक सोऱ्यातून तुटक पडतो. पहाटे पाचला चूल पेटवली तर साडेआठ-नऊपर्यंत घालून होतात आणि पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. उशीर झाला तर पहिल्या रात्री आतून ओल्या राहतात आणि आंबूस वास धरतात. पहिल्या संध्याकाळी उलटायच्या, मग आणखी दोन उन्हं.

फुलत का नाहीत? चिकाचं शिजणं कच्चं राहिलं, हे पहिलं कारण. न शिजलेली पिठूळ गाठ तळणीत टणक होते. दुसरं, कुरडई ओली: तेलात टाकल्यावर बुडाशी बसते, तडतडते आणि मग अर्धवट फुलते. तिला पुन्हा ऊन द्या, सुधारते. तिसरं, तेल तापलेलं नसणं. कुरडईचा लहान तुकडा टाकून तो लगेच वर आला तरच तळा. प्रत्येक घाण्यातली एक कुरडई तिसऱ्या दिवशी तळून पाहा, म्हणजे दुसऱ्या घाण्याला चूक सुधारता येते. मृग नक्षत्र लागायच्या सुमारास सगळ्या वाळवणांना एक शेवटचं ऊन द्यायचं, डबे रिकामे करून, डब्यांसकट.

सांडग्यांना मटकीची डाळ दोन भाग, हरभऱ्याची एक भाग. चार तास भिजवून, पूर्ण निथळवून, पाण्याशिवाय जाडसर वाटा. त्यात लसूण, जिरं, तिखट, मीठ. पाणी घालून वाटलं तर सांडगे पसरतात आणि वाळताना मधे भेगा पडतात. आमटी करताना ते आधी तेलात तांबूस परतायचे आणि उकळतंच पाणी घालायचं. गार पाण्याने मध्ये गाठ राहते.

काळं तिखट आणि येसर एकाच आठवड्यात उरकतात. मिरच्या देठं खुडून दोन उन्हं दिलेल्या, कुरकुरीत. १ किलो मिरचीला धने ४०० ग्रॅम, सुकं खोबरं २५० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, आणि दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरे, शहाजिरे, नागकेशर प्रत्येकी १५ ते २० ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, खोबरं आणि तीळ शेवटी. खोबरं काळपट भाजल्यानेच तिखटाला रंग येतो, पण जळालं तर वर्षभर कडू आमटी. येसराला गहू, हरभरा डाळ आणि बाजरी सारख्या मापाने खमंग भाजून, त्यात धने, जिरं, थोडा मसाला घालून दळतात. आषाढात भाजी नसते तेव्हा दोन चमचे येसर पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की आमटी होते.

लोणच्याची कैरी बाठ धरलेली, पण आत पांढरी आणि कडक हवी. १ किलो फोडींना मीठ १७० ते २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १०० ग्रॅम, तिखट ७५ ग्रॅम, मेथी १५ ग्रॅम, हळद २५ ग्रॅम, हिंग १० ग्रॅम, तेल ३०० मिलीलिटर तापवून पूर्ण गार केलेलं. धुतलेल्या फोडी फॅनखाली कापडावर दोन तास सुकवा. बुरशी येते ती जवळजवळ नेहमी वर तेलाचा थर नसल्याने. फोडी दोन दिवसांनी खाली बसतात, तेव्हा तेल पुन्हा पाहून वाढवा.

भुईमूग असेल तर शेंगा न फोडता ठेवा, लागतील तशा फोडा. बुरसट, काळपट, कडू दाणा चटणीत मिसळून खपवू नका. त्यातलं बुरशीचं विष भाजल्याने, तळल्याने जात नाही. जनावरांनाही घालू नका.

पाऊस सुरू झाला की कोठीवरचा भार थोडा हलका होतो. तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू, केना या भाज्या बांधावर आपोआप येतात. पण आता आपल्याकडे सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात. फवारलेल्या रानातली किंवा त्या लगतच्या बांधावरची भाजी खुडू नका. परड्यात एक वाफा यासाठी राखा, तिथेच या भाज्या वाढू द्या. कोवळी असतानाच खुडायची, फुलावर आली की चोथट लागते. घोळ आंबट आणि पाणीदार असते, तिला तूर डाळ किंवा मूग डाळ हवी. तांदुळज्याला नुसता लसूण आणि शेंगदाण्याचं कूट पुरतं.

रब्बी पेरली की पुन्हा हिरवं ताट सुरू होतं, आणि इथे शेतीचं काम आणि भाजी एकच असतात. करडईची विरळणी पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी करायचीच असते, त्या उपटलेल्या रोपांची भाजी. पाच-सहा आठवड्यांनी तिला काटे फुटतात, मग नाही. हरभऱ्याचे शेंडे महिनाभराने खुडले की फांद्या वाढतात. तो पाला ताजा खा आणि उरलेला सावलीत वाळवून ठेवा, उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवायला. शेंडे खुडायचे ते दव वाळल्यावर, फुलं लागायच्या आत. करडईचं तेल घाण्यावरून आणाल तेव्हा एकदम वर्षाचं आणू नका. बियांच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास तेल मिळतं, आणि ते लवकर खवट होतं. बी अख्खं टिकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं गाळून घ्या.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत रानातच जेवून करतात, आणि तिचा स्वयंपाक त्या आठवड्यात शेतात जे ओलं आहे त्याचा असतो. आंबिलीची तयारी आदल्या दिवशी: पाव किलो ज्वारीचं पीठ १ लिटर ताकात गुठळी न होता कालवून मातीच्या भांड्यात रात्रभर. सकाळी २ लिटर पाणी उकळून त्यात ते धारेने ओता, ढवळत शिजवा, गार झाल्यावर वाटलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. पीठ ताकात न भिजवता नुसतं शिजवलं तर ती पिठाची पेज होते, आंबील नाही. भज्जीला ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे दाणे प्रत्येकी दोन वाट्या, मूठभर शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, थोडी चिंच. दाणे आधी उकडायचे, पाला नंतर, आणि शेवटी पाव किलो बेसन आंबट ताकात कालवून घालायचं. बेसन घातल्यावर पंधरा मिनिटं तरी मंद आचेवर खदखदू द्या, नाहीतर कच्चं लागतं आणि पोटाला जड होतं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे.

हुरड्यासाठी निर्णय पेरणीलाच घ्यावा लागतो. एका वेळी पेरलेलं रान आठ-दहा दिवसच हुरड्यात राहतं. म्हणून दोन गुंठ्यांत दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन फेर पेरा. गुळभेंडी, सुरती किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले उत्तरा हे हुरड्याचे वाण, त्यांचा दाणा चोळताना सहज सुटतो. भाकरीसाठी मालदांडीच. ती मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच चवीमुळे आणि तिथल्या काळ्या रानामुळे. हुरड्याचा दाणा नखाने दाबला तर दूध उडायला नको, पिठूळ मऊ गोळा निघायला हवा. आगटीला, म्हणजे हुरडा भाजायच्या विस्तवाला, फूटभर खोल, दीड फूट रुंद खड्डा, त्यात आठ-दहा गोवऱ्या. ज्वाळ पूर्ण बसून निखारा राहिल्यावरच कणसं खुपसायची. ज्वाळेत भाजलं की बाहेरून काळं, आतून कच्चं. तीन-चार मिनिटं, फिरवत. गरम असतानाच चोळा, गार झालं की बोंडं दाण्याला चिकटतात. दाणा पुढे सरकून कडक झाला असेल तर त्याची उसळ करा किंवा भरडून थालीपिठात घाला.

पहिली आगटी पेटवायच्या आधी मालदांडीच्या रानातून एक फेरी मारा. भरलेली, ताठ, रोग नसलेली पन्नास-साठ कणसं निवडून त्यांच्या ताटांना रंगीत चिंधी बांधा, म्हणजे हुरड्याच्या भरात ती कोणी मोडणार नाही. ही पूर्ण पिकू द्यायची, वेगळी मोडायची, हाताने झोडून काढायची. त्यातल्या पुष्ट दाण्यांना गाळलेली कोरडी राख चोळून, मडक्यात भरून तोंड मातीने लिंपा. एकराला साधारण ४ किलो बी लागतं, तेवढं यातून निघतं का ते खळ्यावरच मोजून पाहा.